नाव गाजलेलं, सूप राहिलेलं

वोप्के होइटिंगा आमच्या गावचा पाट्या रंगवणारा. बोटींवरची नावं, दुकानांच्या पाट्या, चर्चच्या घड्याळावरचे आकडे, सगळं त्याच्या हातचं, आणि हात खरोखरच देखणा. तेवढ्यावर गडी थांबला असता तर सुखात राहिला असता. पण त्याला धंदा काढायचा होता. कालवा गोठला की बर्फावर वाटाण्याच्या सूपचा ठेला लागतो, तो आपला असावा, ही त्याची हौस.

सुरुवात त्याने नावापासून केली. 'वोप्केची ऊब'. मग निळ्या रंगाची नेमकी छटा ठरवण्यात एक अख्खा हिवाळा गेला. मग आल्या लोकरीच्या टोप्या, वाफाळत्या हिरव्या सूपचं चित्र असलेले मग आणि शेवटी भक्कम ओकचा ठेला, वर नक्षीदार छप्पर. मधले हिवाळे सगळे पावसाळी निघाले. कालवा काही गोठेना, त्यामुळे ठेल्याचा कस लागला नाही आणि कीर्ती मात्र वाढत गेली. घरोघरी वोप्केचे मग होते, पोरासोरांच्या डोक्यावर वोप्केच्या टोप्या होत्या. त्याच्या सूपचा एक चमचा मात्र कुणाच्या पोटात गेलेला नव्हता.

"काय वोप्के, बारशाची आमंत्रणं छापून झाली, आता सूप कधी जन्माला घालतोस?" गेर्म त्याला भर रस्त्यात विचारायचा. गेर्म म्हणजे आमचा बर्फप्रमुख. कालव्यावर पाय ठेवायचा की नाही, हे तोच ठरवतो. वोप्के हसून सोडून द्यायचा.

आणि एका जानेवारीत थंडीने मनावर घेतलं. कालवा काचेसारखा झाला. स्केटिंग मंडळाची अध्यक्ष रिक्स्ट सायकलवरून वोप्केच्या दारात आली.

"शनिवारी स्केटिंगची फेरी काढतोय. पुलाखालची जागा तुझी," ती म्हणाली. "पण शनिवारी तिथे सूप नसलं ना, तर जागा शेजारच्या गावच्या रीन्डरला. कायमची. तो वॉफल्स घेऊन तयारच बसलाय."

पुलाखालची जागा म्हणजे सोनं. कार्डावर शिक्का मारून घ्यायला प्रत्येक स्केटरला तिथे थांबावंच लागतं. वोप्केने ट्रॅक्टर मागवला आणि ठेला वाजतगाजत काठावर नेला. गेर्मने बर्फाला भोक पाडलं, जाडी मोजायला आत पट्टी घातली, मग मान वर करून नक्षीदार छपराकडे पाहिलं.

"बर्फ माणसं पेलेल. तुझा राजवाडा नाही पेलणार."

"जरा कडेला ठेवला तर?"

"तर कडेला बुडेल."

वोप्के तोंड पाडून घरी आला. बायको बाउक्ये खिडकीशी बसून स्केट्सचे पट्टे शिवत होती.

"उद्या सूप टाक गं. मोठं पातेलं काढ."

"कसलं सूप?"

"आपल्या ठेल्याचं!"

"आपल्या? टोपी घालून आरशासमोर उभं केलंस मला, निळा रंग दाखवून 'छान आहे की नाही' म्हणालास. सूप करशील का, हे कधी विचारलंस?"

वोप्केने खूप आठवून पाहिलं. नव्हतं विचारलं. सूप असणारच, हे त्याने गृहीत धरलं होतं.

"ते ठरलेलंच होतं ना?"

"कुणाशी ठरलं होतं, गाढवा? वाटाणा तरी आणलायस का?"

वाटाणा! पहिला बर्फ धरला की आमचा अख्खा फ्रीसलंड प्रांत सूप शिजवायला घेतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. वोप्के दुकानात पोचला तेव्हा फळीवर मक्याचे डबे तेवढे उरले होते. मग निघाली स्वारी सायकलवरून दारोदार. लोकांनी वाटाणा दिला मूठभर आणि टोमणे टोपलीभर. "अरे, रिकामा मग आधी दिलास, आता सूपही आम्हीच द्यायचं का?" कुणी हिरवा दिला, कुणी पिवळा, कुणी कपाटाच्या तळातला तपकिरी. बाउक्येने सगळा एकत्र शिजायला टाकला.

शनिवारी पातेलं घसरगाडीवरून बर्फावर गेलं. राजवाडा काठावरच राहिला. पायात पाती बांधलेली माणसं चिखल तुडवत काठावर कशाला चढतील? लांबूनच "वा, काय सुंदर!" म्हणत ती पातेल्याकडे वळत होती.

"मगावरच्या चित्रात हिरवं आणि पातेल्यात गाळ?" एक परगावचा माणूस म्हणाला.

"गाळात चमचा उभा राहतो का बघ," बाउक्ये म्हणाली.

चमचा उभा राहिला; वाटाण्याचं सूप जमलं की नाही, ते आमच्याकडे यावरूनच ठरतं. माणूस खाली मान घालून जेवला आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला. तेव्हापासून वोप्केला श्वास घ्यायची फुरसत मिळाली नाही. शेगडीची टाकी ओढ, काळा पाव काप, उष्टे मग विसळून आण. दोनदा आपटला. दिवसभरात 'वोप्केची ऊब' हे शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत.

दुपारी पातेल्याचा तळ दिसू लागला तेव्हा रिक्स्ट हातमोजा काढत आली. "जागा तुमचीच. पुढच्या वेळेसाठी कुणाच्या नावावर लिहू?"

वोप्केने छाती भरून श्वास घेतला. पण रांगच आधी ओरडली, "बाउक्येच्या!"

त्याला लागलं. चांगलंच लागलं. इतके हिवाळे ज्या नावाला जिवापाड जपलं, ते कुणाला आठवलंसुद्धा नाही. तो काठाकडे बघत राहिला. एवढ्यात बाउक्येने तळाचं शेवटचं सूप खरवडून त्याच्या हातात दिलं. सकाळपासून त्याच्या पोटात काहीच नव्हतं. त्याने एक चमचा खाल्ला, मग दुसरा. तिच्या हातचं सूप तो लग्नापासून खात आला होता. पण आज ते रांगेतल्या माणसासारखं खाल्लं, आणि लोक कशाकरता थांबत होते ते त्याला कळलं.

"बाउक्ये," तो चाचरत म्हणाला, "मला ठेवशील का कामाला?"

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

"विचारलंस, हे बरं केलंस," ती म्हणाली. "सोमवारी ये. कांदे चिरायला लागतील."