बापाची कणगी

क्लेमेन्ट आबुग्रे हा कोलोगचा थोरला मुलगा, आणि आमच्या देशाच्या उत्तरेला, टोंगोच्या डोंगरांत थोरल्याच्या वाट्याला मानापेक्षा बंधनंच जास्त येतात. त्यानं बापाच्या ताटात जेवायचं नाही, बापाची टोपी घालायची नाही, आणि बाप जिवंत आहे तोवर त्याच्या कणगीत डोकावायचं नाही. धाकटी पोरं खुशाल शिडी लावून चढतात. थोरला चढला, तर तो बापाच्या मरणाची वाट बघतोय असाच अर्थ होतो.

क्लेमेन्टनं हे सगळं पाळलं. मिशनच्या शाळेत शिकला, राजधानीत, आक्राला अर्थशास्त्र केलं, इंग्लंडहून डॉक्टरेट घेऊन आला, तरी पाळलं. आणि गंमत बघा, पदवी कशावर मिळवली? उत्तरेकडच्या घरांत उन्हाळ्याच्या शेवटी धान्य किती उरतं, यावर! हजारभर घरांच्या कणग्यांचा अंदाज बांधणाऱ्यानं स्वतःच्या घरच्या कणगीचा तळ कधी पाहिला नव्हता.

सरकारी खात्यात लागल्यावर त्यानं घरोघरच्या धान्याच्या मोजणीसाठी प्रश्नांचा तक्ता बनवला. त्यात पहिलीच ओळ अशी: धान्य किती महिने पुरेल, याचं उत्तर घरच्या कर्त्याकडूनच घ्यावं. परक्या माणसानं अडाणीपणानं चुलीपाशी जाऊन बायकांना विचारलं असतं. हा शहाणा इथलाच. नवऱ्यासमोर बाईनं कणगीबद्दल बोलणं म्हणजे त्याची अब्रू काढणं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं आपल्या लोकांची अब्रू सांभाळली. तिथंच घात झाला.

त्या साली पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला. मदतीचं धान्य थोडं आणि मागणारे जिल्हे फार. उत्तरेला ट्रक पाठवायचे की नाही, हे क्लेमेन्टच्या आकड्यावर ठरणार होतं. तक्ते भरून आले, त्यात पाच महिने पुरेल असं निघालं. त्याला ते पटेना. निरोप धाडून, दोन दिवस गाडी हाणत तो स्वतः गावी आला.

कोलोग बाओबाबच्या झाडाखाली चार म्हाताऱ्यांत बसला होता.

"आले का आमचे साहेब! तुझ्या गाडीला खायला काय घालतोस रे, गवत का पेंड?"

"गाडीचं राहू दे, बा. तुम्ही काय खाताय?"

"सध्या तुझं डोकं."

म्हातारे खिदळले. क्लेमेन्टनं पुन्हा विचारलं, "कणगीत किती आहे? खरं सांगा."

"पेरणीपर्यंत आम्हाला पुरून तुझ्यासारखे दहा पाहुणे जेवतील."

"नक्की?"

"मग चढून बघतोस का?"

क्लेमेन्टनं मान खाली घातली. तेवढ्यात त्याची आई आयिनपोका भोपळ्याच्या वाटीत बाजरीचं पीठ कालवलेलं पाणी घेऊन आली. पाहुण्याला द्यायचं ते पाणी, दाट आणि गोडसर. तो घटाघटा प्यायला. आईच्या गळ्याची हाडं वर आलेली त्याला दिसली. वयाच्या मानानं असायचंच, असं त्यानं स्वतःला समजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ उघडायला सांगायची छाती त्याला झाली नाही. आक्राला जाऊन त्यानं पाच महिन्यांच्या आकड्याखाली सही केली, आणि ट्रक दुसऱ्या जिल्ह्यांकडं गेले.

सात आठवड्यांनी बाप गेल्याचा निरोप आला.

शेवटच्या विधीला भाऊबंदांनी त्याला बापाचा अंगरखा उलटा करून घातला, डोक्यावर बापाची टोपी ठेवली आणि शिडीपाशी नेलं. रिवाजच आहे तो. बाप गेला की थोरल्याला कणगी दाखवतात. वरचं झाकण काढलं. आत एक दाणा नव्हता. तळ खरवडून काढलेला, नखांच्या रेघा मातीत स्पष्ट दिसत होत्या. क्लेमेन्ट खाली उतरला आणि थेट आईकडं गेला.

"आई, कधीपासून रिकामी आहे?"

"तू आलास त्याच्या महिनाभर आधीपासून."

"मग ते पीठ?"

"तीन घरं फिरून उसनं आणलं. साहेब यायचा होता ना."

"मला सांगायचंस ना गं!"

"मला विचारलंस कधी? तो समोर बसलेला, अन् मी तोंड उघडू? तूच मला वेडी म्हणाला असतास."

क्लेमेन्ट तिथंच भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. बाप भुकेनं गेला होता, आणि घरात धान्य पुरेल असं लिहून द्यायला हा एवढा शिकला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं तालुक्याला जाऊन तार केली: आकडा चुकला, ट्रक पाठवा. वरून उत्तर आलं की सही तुमचीच आहे, बदलायचं तर नवा पुरावा पाठवा. तो तसाच गावात परतला. कोरे तक्ते काढले, पहिली ओळ खोडली आणि शेजारच्या आझुरेच्या दारात उभा राहिला. म्हातारा काठी टेकत पुढं आला.

"धान्याचं विचारायला आलास? रगड आहे!"

"काका, या खेपेला मी काकूंना विचारणार आहे."

आझुरेनं काठी दाराला टेकवली.

"मग गेल्या खेपेला विचारायचंस. तिला पुरून आठ दिवस झाले."