फलकावरचं मरियाचं नाव

मी जन्मभर नाटकात काम केलं. जाहिरातीत नाव कुणाचं वर यावरून जळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण भिंगारच्या आमच्या गल्लीतल्या मरियासारखी जळणारी बाई एकाही कंपनीत भेटली नाही.

मरिया मुलं सांभाळते. चर्चच्या आवारातल्या फलकावर तिची चिठ्ठी कायमची. आमच्याकडे रीत अशी की सांभाळणारीनं स्वतःचं कौतुक लिहायचं नाही. ज्या आईचं मूल तिच्याकडे राहिलं, तिनं दोन ओळी लिहून सही करायची.

मग आराधनानं आपला रंगीत कागद लावला. ‘प्रेमळ, अनुभवी’ असं स्वतःच लिहून, खाली हसरा फोटो. ही आराधना लहानपणी मरियाच्याच पाळण्यात वाढलेली. त्यात गल्लीतली एंजेला आपल्या नोहाला मरियाकडून काढून आराधनाकडे ठेवायचं म्हणू लागली, आणि मरियाकडे तेव्हा तो एकच उरला होता.

मरिया रोज माझ्याकडे येऊन त्या फोटोला नावं ठेवायची. दात फार दिसतात म्हणे.

रविवारी उपासना संपल्यावर तिनं सगळ्यांदेखत आराधनाला रीत ऐकवली. पोरगी शांतपणे म्हणाली, “मावशी, माझ्याकडे अजून एकही मूल आलेलं नाही. मग लिहिणार कोण? तुम्ही मला सांभाळलंय. तुम्हीच लिहा.”

अशा वेळी रंगमंचावर मी तरी मूर्च्छा आली म्हणून खाली पडले असते. मरियानं माझं पेन मागितलं. ‘ही रडकी होती. रडणाऱ्या पोराचं हिला कळेल,’ असं लिहून सही केली. रंगीत कागद काढायला लावून ही चिठ्ठी तिनं आपल्या चिठ्ठीच्या खाली टोचली. एंजेलानं ती वाचली आणि दुसऱ्या दिवशी नोहा आराधनाकडे गेला.

आता दुपारी मरिया माझ्या ओट्यावर बसते. समोरच आराधनाचं घर. परवा आतून नोहा रडायला लागला, तशी हिच्या चेहऱ्यावर तेज चढलं.

“रडतोय,” ती म्हणाली.

मी चहा ओतेपर्यंत तो गप्प झाला. आतून पाठीवर थोपटल्याचा आवाज येत होता, दोन हळू, एक जोरात. मरिया कान देऊन ऐकत राहिली. तिनं कप उचललाच नाही.

“माझंच थोपटणं आहे ते,” ती फणकाऱ्यानं म्हणाली.