मिरजेच्या सिस्टर निघाल्या अमेरिकेला

चार नर्स चहाला बसल्या की एकीच्या आठवणीला दुसरी पुरवणी जोडते. आमच्या मिरजेच्या हॉस्पिटलात तर सत्तर सालानंतर असे किस्से नुसते साचत गेले. अमेरिकेला नर्स हव्या होत्या आणि आमच्या क्वार्टर्समधल्या पोरी एकेक करून निघाल्या होत्या. मी राहिले, म्हणून सांगायला मी!

* * *

पहिली शालन. दुष्काळी दहिवडीकडची, धनगराची लेक. तिचे वडील, आबा, तांबडा फेटा बांधून थेट मेट्रनबाईंसमोर उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता हे पोरीला घरी नेणार!

"आवं बाई, तितं पाऊस पडतो का?"

"पडतो की. बर्फसुद्धा पडतो."

आबांनी जरा विचार केला. "मग जाऊ द्या. पोरगी पाण्यावाचून तरी ऱ्हाणार न्हाई!"

* * *

शालनबरोबर शकिला जाणार होती, सांगलीच्या टेलरची मुलगी. दोघींचं इंग्लिश सुधारावं म्हणून मेट्रनबाईंनी हुकूम सोडला, मेसमध्ये फक्त इंग्लिश!

झालं! एरवी कलकलाट करणारी मेस चिडीचूप. नुसता ताटं-वाट्यांचा आवाज. स्वयंपाकाच्या मावशी घाबरून बाहेर आल्या. "कोण गेलं गं?"

शालननं मान वर केली. "आमीच जाणार हाय, मावशी!"

* * *

शकिलाच्या अब्बांना काळजी थंडीची. ते एका रिटायर्ड सुभेदारांना जाऊन भेटले. सुभेदार लडाखला राहून आलेले. "हाडं वाजत्यात, गड्या!" एवढंच म्हणाले. अब्बांनी मिलिटरीच्या ब्लँकेटांचा ओव्हरकोट शिवला. लय जड! बॅगेत मावेना, म्हणून शकिला तो अंगात घालूनच मुंबईच्या विमानतळावर गेली. ऐन मे महिन्यात!

तिथला साहेब म्हणाला, "सिस्टर, ताप आहे का?"

"न्हाई साहेब, अब्बांचा कोट हाय."

घामानं निथळत होती, पण एक बटण सोडलं नाही.

* * *

शालननं पत्रात लिहिलेलं, तिकडच्या वॉर्डात एक म्हातारी तिला हात लावू देईना. "तू बाहेरची!"

शालननं शांतपणे विचारलं, "आजी, तुमचे आईवडील कुठले?"

"पोलंडचे."

शेजारच्या खाटेवरचीला विचारलं. ती इटलीची. पलीकडची आयर्लंडची.

"म्हणजे गाडी एकच," शालन म्हणाली. "तुमी आधीच्या स्टेशनात चढलात, मी आत्ता!"

म्हातारीनं मुकाट्यानं दंड पुढे केला. आणि पुढं महिनाभर दुसऱ्या कुणाकडून इंजेक्शन घेतलं नाही!

* * *

पाच-सहा वर्षांनी शालन रजेवर आली. मी तिच्यासोबत गावी गेले. ती आता अमेरिकेची नागरिक झाली होती, पण आबांना सांगायचं धाडस होत नव्हतं. शेवटी जेवताना बोलली. "आबा, मी तितं शपथ घेतली. आता मी त्या देशाची झाले."

आबांचा घास हातातच राहिला.

"मग आमी तुजं कोण, पोरी?"

शालनचे डोळे भरले. तरी म्हणाली, "असं काय करता? लेक दिली की ती त्या घरची हुतीच की. तुमी आता अमेरिकेचे व्याही!"

आबांनी हात धुतला. मग फेटा सारखा करत त्यांनी विचारलं, "व्याह्यांचा मानपान करायचा ऱ्हायलाय की गं. तितली माणसं घोंगडं वापरत्यात का?"