कळलावीचा गुन्हा काय?

आजकाल नर्सरीत प्लास्टिकच्या कुंडीत एक वेल मिळते. पाटीवर नाव असतं ‘अग्निशिखा’. बायका कौतुकानं रिक्षातून घरी नेतात. नेऊ देत. पण ती पाटी वाचली की माझं डोकं तापतं. याच वेलीवरून मुलुंडच्या एका बिल्डिंगीत माझा निकाल लावायला माणसं गच्चीवर बसली होती. तिथं तिला कोणी अग्निशिखा म्हणत नव्हतं. कळलावी म्हणत होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि मावशीच्या बाळंतपणाला म्हणून मला कुडाळकडच्या गावातून मुलुंडला आणलं. बाळंतपण झालं, बाळ रांगायला लागलं, तरी ‘आता परत जा’ असं मला कोणी म्हटलं नाही. ते उपकार मी आजही मानते. पण उपकारावर राहणाऱ्या पोरीचा जीव कायम टांगलेला. कप फुटला तरी वाटायचं, झालं, आता एसटीत बसवून देणार.

निघताना कुंपणावरच्या कळलावीच्या वाळून उकललेल्या शेंगा मी रुमालात बांधून घेतल्या होत्या. आत शेंदरी बिया. आमच्याकडे ही वेल मुद्दाम कोणी लावत नाही, पावसात ती आपली आपण कुंपणावर चढते. मला वाटलं, घरचं काहीतरी सोबत असावं.

मावशीचं घर तळमजल्यावर. मागच्या खिडकीखाली गटारापर्यंत थोडी माती होती. काका म्हणाले, “कर तुला काय करायचं ते. डास झाले तर मात्र तू आणि तुझी बाग बाहेर.” ते हसत म्हणाले, पण पुढं कित्येक दिवस मी तिथं पाण्याचा थेंब साचू दिला नाही.

बी भलतं कडक. पाट्यावर जरासं घासलं, कोमट पाण्यात भिजत घातलं, तुपाच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून त्यात पेरलं. काही उगवेना. मावशी येता-जाता विचारायची, “काय गो, खडे पेरलंस काय?” शेवटी गवतासारखं पान आलं आणि दिवाळीनंतर वाळून गेलं. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, “मेली गं तुझी बाग.” मेली नव्हती. मातीत तिनं इवलासा कंद धरला होता. पुढच्या वर्षी मी तो खिडकीखाली लावला. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात वेल गजांना धरून वर गेली. या वेलीचं पानच टोकाशी वळतं, तोच तिचा हात. गणपतीच्या तोंडावर ती फुलली. उलट्या वळलेल्या पाकळ्या, बुडाशी पिवळ्या, वर लाल, चुलीतल्या जाळासारख्या.

तेव्हा ह्याच काकू खाली आल्या. “झकास आहे गं. गणपतीला दोन दे ना.” मी दिली. “विषारी असतं, हात धुवा,” तेवढं सांगितलं.

त्यांच्याकडे दर्शनाला आलेल्या एका पाहुणीनं मखरातलं फूल ओळखलं. “अगंबाई, ही कळलावी. दारात लावतं का कोणी? भांडणं लागतात.”

झालं. बिल्डिंगीत पाण्यावरून भांडण होतंच. खालचे नळ मोकळे सोडतात म्हणून वर पाणी चढत नाही, असं वरचे म्हणायचे. पंपच उशिरा लावतात, असं खालचे. माझं बी रुमालात होतं तेव्हाही हे भांडण होतं. पण आता त्याला कारण सापडलं. कळ लावते म्हणून कळलावी, इतका सोपा हिशेब.

रविवारी सकाळी गच्चीवर सभा. सेक्रेटरी म्हणाले, “आपण सुशिक्षित माणसं आहोत, अंधश्रद्धा वगैरे नको. पण वेल काढली तर बिघडतं काय?” माना हलल्या. मी मावशीच्या मागे, बाळ कडेवर घेऊन उभी.

विषारी आहे, पोरंबाळं खेळतात, काढा, असं कोणी म्हटलं असतं तर मी मान खाली घातली असती. म्हणून तर मी भोवती काटक्या रोवल्या होत्या आणि पोरांना दम भरला होता. पण ते कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आणि ते नाव तरी कसलं? आमच्याकडे सुईण अडलेल्या बाईच्या तळपायाला हिची मुळी उगाळून लावायची, कळा याव्यात म्हणून. गुण यायचा की नाही, देव जाणे. पण कळा लावते ती कळलावी. मूल जगात आणायचं नाव ते, आणि ह्यांनी नळावरच्या भांडणाला जोडलं. हे सगळं माझ्या ओठांवर होतं. लग्नाच्या वयाच्या पोरीनं पुरुषांसमोर बाळंतकळा हा शब्द उच्चारायचा कसा? गप्प बसले. त्याचा राग आजही गेलेला नाही.

मावशीनं वाद घातला नाही. खाली आली, कोयती घेतली, फुलांसकट वेल छाटली आणि वर बघून म्हणाली, “झालं समाधान?”

आठवडा गेला नसेल, नळावर पुन्हा जुंपली. वरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, “वेल गेली, पण कळलावी आहेच की अजून खाली.”

मी आत बाळाला भरवत होते. घास हातात तसाच राहिला. वाटलं, आता मात्र बोचकं बांधायचं.

मावशी बाहेर भांडी घासत होती. आवाज न चढवता म्हणाली, “माझ्या बहिणीची पोर आहे ती. घर तिचं आहे, ती कुठं जायची नाही. तुम्ही आधी पंपाचं बघा.” आणि पुन्हा पातेलं घासायला लागली.

पुढच्या मृगात खिडकीखाली हिरवं टोक वर आलं. मला धडकीच भरली. पत्र्याचा डबा त्याच्यावर उपडा घातला. मावशीनं तो उचलला.

“झाकतंस कित्याक?”

“मावशी, ही तू काढून टाकली होतीस ना?”

“वरचा कापलंय मी. मुळाक हात लावूक नाय.”

“आणि कोणी नाव विचारलं तर?”

“कळलावीच सांग. घाबरतंस कोणाक? जा, काठी घेवन ये, नायतर चढतली कशार?”