गिअरच्या स्कूटरला कासरा नसतो

काल सकाळी नातीने फोनवर असं काही विचारलं, की निवडायला घेतलेली मेथी तशीच हातात राहिली. तिला बिनगिअरची स्कूटी देऊन गिअरची मोटारसायकल घ्यायचीय... आणि घेऊ की नको, हे ती मला विचारतेय. चौथी शिकलेल्या आजीला.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. तिला जे सांगितलं तेच इथे सांगते. मी बोलतेय आणि फोन लिहून घेतोय, काही चुकलं तर त्याला बोला...

त्र्याहत्तर साल असेल. बेलापूरजवळ आमची वस्ती, दारात चार म्हशी, आणि आमच्या ह्यांची साखर कारखान्यात सकाळची पाळी. म्हणून दूध डेअरीवर पोचवायचं काम माझ्याकडे... एका जुन्या मोपेडवर. पायडल मारायचं, कान पिळायचा, की निघाली. गिअर-बिअर काही नाही.

नऊवारीतली बाई मोपेडवर, म्हणून लोक बांधावर उभं राहून बघायचे. कासोटा घातलेला असला की गाडीवर बसायला पाचवारीपेक्षा सोपं पडतं, हे मात्र कुणाच्या लक्षात यायचं नाही. असो...

खरी अडचण ओढ्याची. ओढ्यापलीकडचा चढ मोपेडला भरल्या किटल्या घेऊन चढवेना. मी उतरून ढकलायची, उशीर व्हायचा, उन्हाने दूध नासायचं. डेअरीवरच्या माणसाने सांगून टाकलं, आता एकदा जरी नासकं आलं तर तुमच्या वस्तीचं दूध बंद.

तेवढ्यात शेवगावहून ह्यांचे मामा आले, म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. मामांनी जीप घेतली होती, त्यांची स्कूटर रिकामी झाली होती. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं वाट बघायची... आणि मामा म्हणाले, मोपेड मला द्या, स्कूटर तुम्ही ठेवा. आठ दिवस चालवून बघा, मग कळवा.

झालं. माझी झोपच उडाली. मोपेड हातातून गेली आणि स्कूटर जमली नाही, तर दूध कशावर न्यायचं?

शिकवायला आमचे हेच, पाळीवरून आल्यावर. डाव्या मुठीचा क्लच दाबायचा, तीच मूठ फिरवून गिअर टाकायचा, आणि क्लच हळूच सोडायचा. माझा हळूच कधी सुटायचाच नाही. गाडी एक उडी मारून बंद... परत किक... परत उडी. म्हशीसुद्धा रवंथ थांबवून बघायच्या.

आत्याबाई ओट्यावर बसून नुसत्या बघत होत्या. मी मोपेडवर बसायला लागले तेव्हापासून माझ्याशी त्यांचं बोलणं कामापुरतंच होतं. त्यामुळे त्यांच्या मनात काय आहे ते कळायला मार्ग नव्हता.

चौथ्या दिवशी घडलं ते अजून आठवलं की अंगावर काटा येतो. गाडी एकदाची पळायला लागली आणि समोर आमचीच कडब्याची गंजी. माहेरी मी बैलगाडी हाकलेली... थांबायचं म्हणजे कासरा मागे ओढायचा, एवढंच हाताला माहीत. मी "हो... हो..." करत दोन्ही हातांनी हँडल मागे ओढलं.

उजवी मूठ ओढली की पिळली जाते, आणि पिळली की गाडी आणखी पळते. मी गाडीसकट गंजीत! दिव्याची काच फुटली, अंबाड्यात कडबाच कडबा.

त्या संध्याकाळी मी सांगून टाकलं, आपली मोपेडच बरी. हे "राहू दे" म्हणाले, पण तोंड एवढंसं झालं होतं. ढकलत का होईना, दूध मीच नेईन असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी किटल्या घेऊन बाहेर आले तर आत्याबाई स्कूटरपाशी उभ्या. म्हणाल्या, "मोपेड ऱ्हाऊ दे. चल, मी मागं बसते."

मोपेडकडे बघून नाक मुरडणारी ही बाई, पदर खोचून माझ्या मागे बसली... दोन्हीकडे पाय टाकून.

"काल तू कासरा वढलास. म्या बघितलं. ह्याला कासरा न्हाई, ह्याला पाय हाय," एवढंच बोलल्या. मग माझे हात जरा ताठ झाले की खांद्यावर एक चापट... "पाय." मी ब्रेकवर पाय दाबायची. ओढ्यापर्यंत खांदा लाल झाला असेल.

चढाला लागलो आणि गाडी धापा टाकायला लागली. माझे हात आपोआप मागे यायला लागले. तेवढ्यात कानापाशी आवाज आला, "दमलाय त्यो. मोटंच्या बैलाला चढावर घाई करत्यात व्हय? खालच्या गिअरात घे."

गिअर हा शब्द आत्याबाईंच्या तोंडून ऐकून मी पडायचीच बाकी होते. पण क्लच दाबला, मूठ फिरवली, हळूच सोडला. गाडीचा आवाज बदलला आणि ती डुलत डुलत, किटल्यांसकट, आम्हा दोघींसकट वर आली.

वर आल्यावर त्या उतरल्या आणि पदर सारखा केला. म्हणाल्या, "माझ्या भावाला निरोप धाड. मोपेड घिऊन जा म्हनावं."

चार दिवस ओट्यावर बसून त्या गाडीच शिकत होत्या, हे मला तेव्हा कळलं. विहिरीवर उभी हयात मोट हाकलेली बाई ती... माझ्या आधी तिला उमगलं होतं. मी एवढी वर्षं समजत होते की त्या मला बघून रागावतात.

दूध त्या दिवशी वेळेत पोचलं. नंतरही पोचत राहिलं.

नातीला म्हटलं, घे गिअरची, बिनधास्त घे. फक्त पहिल्या चढाला मागे कुणीतरी हवं. रविवारी मी येतेय तुझ्याकडे... खांदा तयार ठेव.