कडी न लावणाऱ्या गावाचा दावा

माझ्या आत्याच्या गावात रात्री कुणी आतून कडी लावत नाही. भूकंपानंतर नव्या जागेवर सिमेंटची घरं मिळाली, दारं मिळाली, दारांना जाडजूड कड्या मिळाल्या. त्या कड्या आजही नव्याच्या नव्या आहेत. दार नुसतं लोटून घ्यायचं आणि दाराच्या वाटेत पेटी, कॉट, सायकल काही ठेवायचं नाही. चोरांना हे ठाऊक आहे, पण चोरही याच भागातले. त्यांच्या घरीही हीच तऱ्हा.

भूकंपाच्या त्या पहाटे आत्याची मुलगी गेली. ती माझ्याच वयाची होती. जमीन हलली तेव्हा जुन्या घराची कडी चौकटीत आवळून बसली, आणि आत्या ती ओढत असतानाच मागचं माळवद खाली आलं. आत्या चौकटीत होती म्हणून वाचली. याहून जास्त ती कधी बोलली नाही, आणि तिला विचारायची कुणाची छातीही झाली नाही.

मी पुढं लातूरला कोचिंगला गेले. तेव्हा लातुरात कुठल्याही गल्लीत खडा मारला तर तो बायोलॉजी शिकवणाऱ्याला नाहीतर शिकणाऱ्याला लागायचा. मी शिकणाऱ्यांतली, पण खडा लागूनही शहाणी न झालेली. मेडिकलचे मार्क काही पडले नाहीत आणि मी नांदेडला वकिलीला गेले. डॉक्टर व्हायला पाठवलेली पोरगी काळा कोट घालून आली, असं वडील पाहुण्यांना तोंड पाडून सांगत. आत्या मात्र म्हणाली, कोट तर हाय ना, रंगाचं काय घेऊन बसलास.

गावामागच्या डोंगरावर पवनचक्कीची कंपनी आली तेव्हा मी लातूरच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली होते. पहिल्या रांगेतल्या चक्क्या उभ्या राहिल्या आणि त्याच वर्षी पाऊस रुसला. अख्ख्या पंचक्रोशीनं दोन्हींची सांगड घातली. चक्क्यांची पाती ढग हाकलून लावतात, असं लोक चहाच्या टपरीवर शपथेवर सांगू लागले. दुसऱ्या रांगेसाठी कंपनीनं खडक फोडायला सुरुंग लावले. निघालेला दगड उचलून न्यायचा कंटाळा, म्हणून तो सगळा ओढ्याच्या तोंडाशी ढकलला. त्या ओढ्याच्या पाझरावर आत्याची विहीर होती आणि विहिरीवर तिची देवणी गाय. थोडासा पाऊस झाला, तेव्हा पाणी दगडाला अडून भलतीकडं वळलं. विहिरीनं तळ दाखवला.

आत्या डोंगर चढून कंपनीच्या साहेबाला भेटायला गेली. सोबत मी होते. ती आधी सुरुंगांबद्दल बोलली, मग ओढ्याबद्दल, आणि शेवटी ढगांबद्दल. साहेबानं पहिल्या दोन गोष्टी ऐकल्याच नाहीत. तिसरीवर मात्र तो पोट धरून हसला. पंख्यानं ढग पळत असते तर आम्ही ते उलटे फिरवून पाऊस विकला नसता का, असं तो आत्याला म्हणाला, आणि आजूबाजूचे इंजिनीअरही हसले. सुरुंगाचा आवाज म्हणे गावात पोचतसुद्धा नाही.

ढगांच्या बाबतीत त्याचं खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. माणूस एका गोष्टीत बरोबर आहे म्हणून त्याला बाकीच्या दोन माफ होत नाहीत. उतरताना मी मनाशी ठरवलं, याचं हसू याच्या घशात घालायचं. मी तेव्हा तरुण होते, पण आज विचारलंत तरी तेच सांगेन.

दावा लिहायला बसले तर आत्या हटून बसली की ढग पण लिही. मी तिला समजावलं की चक्क्या ढग पळवत नाहीत. जगभर कोळसा आणि तेल जाळून हवा तापवणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत, पावसाची घडी बिघडवण्यात त्यांचा हात आहे. आत्या म्हणाली, मग त्यांना लिही. मी खरंच एक परिच्छेद लिहिला, चांगला तावातावानं. आमच्या वकीलसाहेबांनी तो लाल पेनानं खोडला. आभाळाच्या दाव्यात प्रतिवादी कोण, आणि त्याला समन्स कुठल्या पत्त्यावर पाठवू, असं त्यांनी विचारलं. दाव्यात सुरुंग आणि ओढा एवढंच राहिलं.

दाव्याला उत्तर म्हणून कंपनीनं दिलेली कैफियत वाचून माझं डोकं फिरलं. आम्ही स्वच्छ वीज करतो, कोळसा वाचवतो, पृथ्वीचं तापमान राखतो, सबब आमच्याविरुद्धचा दावा म्हणजे पर्यावरणाविरुद्धचाच दावा आहे, असं त्यात लिहिलं होतं. मी ते आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जगाची हवा राखायला आले, अन् माझा वढा बुजवला."

कोर्टात कंपनीच्या वकिलानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. गावात सुरुंग जाणवतो का, हे बघायला कोर्ट कमिशनर पाठवा, आम्ही त्यांच्यासमोर एक सुरुंग उडवून दाखवतो, असं तो ऐटीत म्हणाला. अट एकच, वेळ गावाला कळता कामा नये, नाहीतर लोक नाटक करतील. आमचे वकीलसाहेब हरकत घ्यायला उठत होते. मी त्यांचा गाऊन धरून त्यांना खाली बसवलं. आमची हरकत नाही, असं मीच सांगितलं.

बाहेर आल्यावर आत्यानं मला लिंबाखाली थांबवलं. "येळ तुला कळंल का?" मी म्हणाले, वकील म्हणून कळेल. "मग मला सांगू नकोस. मला खोटं भ्यायला जमायचं न्हाई."

मी सांगितली नाही. ठरलेल्या दुपारी आम्ही ग्रामपंचायतीच्या ओसरीत बसलो होतो. कमिशनर म्हणून आलेले लातूरचेच एक प्रौढ वकील होते, कमी बोलणारे. कंपनीच्या साहेबानं त्यांच्यासाठी डोंगरावरून थर्मासमधला चहा आणला होता आणि तो पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होता. गाव आपापल्या घरात, आपापल्या कामात होतं.

सुरुंग उडाला तो खरंच फार मोठा नव्हता. पायाखाली एक ठोका बसला आणि ओसरीच्या पत्र्यावरची धूळ झडली, एवढंच. पण दुसऱ्या क्षणी सगळ्या गल्लीची दारं एकदम उघडली. पिठाच्या हातानं बायका आल्या, अर्ध्या दाढीला साबण लावलेला माणूस आला, तापानं फणफणलेल्या म्हाताऱ्याला दोघांनी उचलून आणलं. कुणी ओरडलं नाही. सगळे भिंतींपासून लांब, ग्रामपंचायतीपुढच्या मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि बाया आपापली लेकरं मोजू लागल्या. आत्या गोठ्यातून आली. तिनं आधी गाईचं दावं सोडलं होतं. गाय तिच्या मागं आली आणि अनवाणी आत्या गाईच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली.

साहेब ओसरीतून ओरडला, "हे सगळं पढवलेलं आहे, कमिशनरसाहेब, लिहून घ्या."

त्यानं शेजारच्या खुर्चीकडं बघितलं तर ती रिकामी होती. कमिशनरसाहेब मैदानात आमच्यामध्ये उभे होते. त्यांच्या हातात चहाचा कप तसाच होता आणि निम्मा चहा शर्टावर सांडला होता. आपण कधी उठलो हे त्यांनाही कळलं नव्हतं. मीसुद्धा तिथंच होते, आणि मला तर वेळ ठाऊक होती. छपराखाली एकटा साहेब उरला होता. भूकंपाच्या वर्षी या जिल्ह्यात नसलेला तो एकटाच.

कमिशनरसाहेबांनी कप खाली ठेवला, पेन काढलं आणि उभ्याउभ्याच लिहायला सुरुवात केली. मला इतका आनंद झाला की मी साहेबाकडं बघून हसले, अगदी तो हसला होता तसंच.

मनाई हुकूम मिळाला. सुरुंग बंद झाले आणि ओढा कंपनीनं स्वखर्चानं मोकळा करायचा असंही ठरलं. जेसीबी चालू होतं तितके दिवस आत्या काठावरच्या बाभळीखाली भाकरी बांधून जाऊन बसायची. साहेब उन्हात उभा राहून घाम पुसायचा आणि आत्या त्याच्याकडं बघत सावकाश जेवायची. शेवटचा धोंडा निघाला तेव्हा ती त्याला म्हणाली, साहेब, त्यो बारका बी राहिलाय. त्यानं तो स्वतः वाकून उचलला.

ओढा मोकळा झाला आणि त्या वर्षी पाऊस आलाच नाही. मृग गेला, आर्द्रा गेली, पोळ्यालाही आभाळ कोरडं. स्वच्छ केलेल्या ओढ्यात नुसती वाळू तापत राहिली. आत्यानं गाय देवणीच्या बाजारात विकली. मी भेटायला गेले तेव्हा गोठ्यात रिकामं दावं होतं आणि ती दारात बसली होती. आपण दावा जिंकलो याचं मला काय करावं ते कळेना.

मी म्हणाले, आत्या, कंपनीला तर आपण धडा शिकवला.

"त्यो बारका हुता," ती म्हणाली. "तुझ्या वकीलसायबानं खोडलेले मोठे हायेत. त्यांचा पत्ता काढ."

ते लांब आहेत, मी सांगितलं. समुद्रापलीकडं. आपला हात पोचणार नाही, आणि खटला तुझ्या हयातीत उभाही राहायचा नाही.

आत्यानं मागं वळून आपल्या उघड्या दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"लांबची माणसं कडी लावून निवांत झोपत असतील," ती म्हणाली. "त्यांची झोप उडवायची हाय मला. तू लिहायला घे."