'वरच्यांचं पाणी' या कादंबरीबद्दल

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा, मग हसा. कारण मी जी माती खाल्ली आहे ना, तशी अख्ख्या मुलुंडमध्ये दुसऱ्या कुणी खाल्ली असेल असं मला वाटत नाही.

आमच्या सोसायटीत पुस्तकं वाचणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. फोनवरचा. नाव 'पुढचं पान'. चालवतात देवधर बाई. बाई कॉलेजात मराठी शिकवून रिटायर झाल्या. वय सत्तरीच्या पुढे, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. आणि राहतात कुठे? बरोब्बर माझ्या डोक्यावर! मी तिसऱ्या मजल्यावर, त्या चौथ्या.

दर रविवारी सकाळी बाई ग्रुपवर विचारतात, "मंडळी, सध्या काय चालू आहे?" म्हणजे काय वाचताय. झालं, लोक सुरू! कुणाचं चरित्र चालू, कुणाचं प्रवासवर्णन, कुणाचं उशीएवढं जाड इंग्रजी काहीतरी. खाली 'जरूर वाचा' म्हणून हुकूम. त्यात पहिल्या मजल्यावरचे नाचणे काका म्हणजे तर कमाल माणूस. कुणी कुठलंही पुस्तक सांगू दे, यांचं उत्तर तयार. "मागेच वाचलं. चांगलं आहे. शेवट जरा लांबलाय."

आणि मी? मी सगळ्यांना अंगठा दाखवायचो. म्हणजे तो पिवळा हो, आवडल्याचा! खोटं कशाला बोलू, शेवटचं पुस्तक मी पूर्ण वाचलं ते ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षेचं.

आता माझ्या घरात काय चाललं होतं ते ऐका. आमच्या बाथरूमचं छत गळत होतं. आधी एक ओला डाग. मग त्या डागाला पिल्लं झाली. मग ठिबक ठिबक. अंघोळीला बसलं की कोमट पाणी बादलीतून आणि थंडगार थेंब मानेवर, असा डबल कार्यक्रम.

"वरच्यांचं पाणी आहे हे," माझी बायको मेधा म्हणाली. "जा आणि देवधर काकूंना सांगून ये."

गेलो की! भांडायच्या तयारीने गेलो. बाईंनी दार उघडलं, म्हणाल्या, "या परब, बसा." चिवडा दिला. खोबरं घातलेला! मग विचारलं, "काय वाचता हल्ली?"  अर्ध्या तासाने खाली आलो तर हातात एक कादंबरी, खिशात चिवड्याची पुडी, आणि छत आपलं गळतंयच.

मेधा म्हणाली, "तू तक्रार करायला गेला होतास की लायब्ररीत?"

पुढच्या आठवड्यात ती बहिणीकडे चेंबूरला राहायला गेली. जाताना दारातून बजावलं, "प्रशांत, मी यायच्या आत काकूंशी बोल. नाहीतर मी येऊन बोलेन, आणि मी कशी बोलते ते तुला माहितीये."

माहितीये म्हणजे काय, लग्न झालंय आमचं!

रविवार उजाडला. माझ्या तोंडात ब्रश. मेधाचा मेसेज आला, "काय चालू आहे? थांबलं का?" आणि बघा हं नशीब, त्याच मिनिटाला ग्रुपवर बाईंचा, "मंडळी, सध्या काय चालू आहे?" मी एका हाताने दात घासतोय, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने उत्तर लिहितोय. वैतागलो होतो, त्यामुळे लिहिलंही मोठं:

"वरच्यांचं पाणी अजून चालूच आहे. आधी वाटलं थेंब थेंब आहे, सोडून देऊ. पण हे हळूहळू आत झिरपत जातं गं. भिंतीचे पापुद्रे गळून पडतायत. रात्री झोप नाही. कुणाला सांगायची सोय नाही. तू स्वतः येऊन बघ, मग कळेल."

पाठवलं, चूळ भरली, फोन चार्जिंगला लावला आणि मासे आणायला बाजारात गेलो.

बांगडे घेऊन परत आलो तर फोन गरम! 'पुढचं पान'वर मेसेजचा पाऊस. पहिला देवधर बाईंचा: "परब, इतके दिवस कुठे लपला होतात? 'वरच्यांचं पाणी'! नावातच अख्खी समाजव्यवस्था आली! आणि किती नेमकं लिहिलंत तुम्ही. कुणाची कादंबरी?"

खाली कुणीतरी: "अंगावर काटा आला." आणखी कुणी: "वाचकाशी थेट 'तू' म्हणून बोलणं, क्या बात है परब!" 'गं' कुणाला खटकला म्हणता? छे! "भिंत हे प्रतीक आहे," असंही एकीने लिहिलं होतं.

माझ्या हातातली बांगड्यांची पिशवी तिथेच सटकली.

आता तुम्ही म्हणाल, मग लगेच खरं सांगून टाकायचं ना! अहो, तेच टाइप करत होतो. 'माफ करा, चुकून...' इथपर्यंत आलोही होतो. तेवढ्यात नाचणे काकांचा मेसेज टपकला.

"वरच्यांचं पाणी मागेच वाचली. दमदार आहे. शेवट जरा लांबलाय."

आता बोला! एका म्हाताऱ्या माणसाने जी कादंबरी वाचलीये ती नाहीच आहे असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय खरं सांगायचं म्हणजे भर ग्रुपवर बाईंना म्हणायचं, तुमचं बाथरूम गळतंय. चिवडा खाऊन!

मी 'माफ करा' खोडलं. आणि लिहिलं, "लेखक नवीन आहेत. पाझरे."

पाझरे! कुठून आलं हो हे नाव? छताकडे बघत होतो, दुसरं काय येणार?

नाचणे काका: "पाझरे ना? ओळखतो मी. साधा माणूस."

वाट लागली ती तिथपासून. लिफ्टमध्ये लोक मला जागा देऊ लागले. सोसायटीचे सेक्रेटरी, जे मला एरवी फक्त पार्किंगवरून ओरडायचे, ते गाडी काढताना म्हणाले, "परब साहेब, अजून काहीतरी सुचवा ना, आमच्या मिसेसना द्यायचंय." परब साहेब! आयुष्यात पहिल्यांदा! खोटं वाटेल, पण मी चालायलाही जरा हळू लागलो. विचारवंत चालतात ना, तसा.

बाईंनी मात्र धडाका लावला. दादरला फोन, ठाण्याला फोन. जिना चढताना मला गाठून म्हणाल्या, "कुठल्याच दुकानात मिळत नाही हो. आवृत्ती संपलेली दिसतेय. तुमची प्रत द्याल?"

"माझी... भिजली, बाई."

"अरेरे! कशाने?"

काय सांगू? म्हटलं, "पाण्याने."

"मग असं करू," बाई म्हणाल्या. "येत्या रविवारी संध्याकाळी सगळ्यांना माझ्याकडे बोलावते. तुम्ही बोला या कादंबरीवर. पुस्तक नसेना का, वाचक तर आहे!"

मी हो म्हटलं. का म्हटलं विचारू नका. 'परब साहेब'ची हवा डोक्यात गेली होती, दुसरं काय!

रविवारी बाईंचा हॉल भरलेला. सतरंजीवर माणसं, खुर्च्यांवर माणसं. नाचणे काका पहिल्या रांगेत, हातात वही वगैरे नाही, नुसता आत्मविश्वास. बाईंनी माझी ओळख करून दिली, "आपले परब म्हणजे खोल पाणी. आपल्याला कळलंच नाही."

उभा राहिलो. दोनदा घसा खाकरला. पण एकदा बोलायला लागलो ना, मित्रांनो, सुटलोच! कारण अनुभव माझाच होता. म्हटलं, नायक मध्यमवर्गीय आहे. त्याच्या डोक्यावर सतत काहीतरी ठिबकतं. तो अंग चोरून अंघोळ करतो. बायको त्याला म्हणते, वर जाऊन सांग. तो वर जातो, पण वरचे इतके चांगले वागतात की त्याचा शब्द घशातच राहतो. तो खाली येतो आणि बादली सरकवून ठेवतो.

"बादली सरकवतो!" मागून कुणीतरी हुंदका दिल्यासारखं म्हणालं.

"पण तो बोलत का नाही?" बाई तावातावाने म्हणाल्या. "शेपूट का घालतो?"

"शेपूट नाही बाई," मला जरा लागलंच ते. "सभ्य आहे तो."

"कसला सभ्य! घाबरट आहे. आणि ती वरची बाई? तिला आपल्या खाली काय चाललंय याचा पत्ता नाही?"

"नाही ना, बाई."

"निर्लज्ज आहे!"

"असं नका हो म्हणू," मी कळवळून म्हटलं. "मनाने फार चांगली आहे ती."

"तुम्ही तिची बाजू का घेताय?" बाई माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या. "नाचणे, शेवटी काय होतं हो?"

नाचणे काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "शेवटी... तो हातोडी घेऊन वर जातो. आणि पाइप फोडतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "हो. पण तो भाग जरा लांबलाय."

आणि बेल वाजली.

बाईंनी दार उघडलं. दारात मेधा! चेंबूरहून थेट घरी जाऊन, सामान टाकून वर आलेली. केसांत पांढरी भुकटी. खांद्यावर सिमेंटचा पापुद्रा.

"प्रशांत! तू इथे चहा पितोयस? तिकडे बाथरूममध्ये छताचा तुकडा पडला. मी हात धुवत होते! थोडक्यात वाचले!" मग बाईंकडे वळून, "काकू, राग मानू नका, पण वरच्यांचं पाणी म्हणजे आता अति झालं हं!"

बाईंचा चेहरा उजळला. "अगबाई, तुम्हीपण वाचलंत?"

"वाचायचंय काय त्यात?" मेधा म्हणाली. "रोज डोक्यावर पडतंय!"

"वा!" सतरंजीवरून एक दाद आली.

"वा काय वा? काकू, तुमच्या बाथरूममधून आमच्याकडे गळतंय. हा तुम्हाला बोलला नाही? अहो, महिनाभर मी याच्या मागे लागलेय, जा, वर जाऊन सांग, वर जाऊन सांग..."

पुढे तिने जे सांगितलं, ते मी नुकतंच सगळ्यांना सांगितलं होतं. फक्त तिने चिवडाही सांगितला. एकेकाच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला. आधी सेक्रेटरी खोकले. मग त्यांच्या मिसेस तोंडाला पदर लावून खिडकीकडे गेल्या. मी सतरंजीची किनार उसवत बसलो होतो.

"म्हणजे," बाई सावकाश म्हणाल्या, "कादंबरी नाहीये?"

"नाही, बाई."

"आणि पाझरे?"

मी मान हलवली. मग सगळ्या हॉलने एकदम नाचणे काकांकडे पाहिलं.

काका शांतपणे उठले, चपला शोधल्या आणि म्हणाले, "मी दुसऱ्या पाझऱ्यांची वाचली असेन."

काय हशा उसळला म्हणता! मेधाला काही कळेना. तिला कुणीतरी माझा तो मेसेज दाखवला, तर तीही जमिनीवर बसली हसत. फक्त दोघं हसत नव्हती. एक मी. आणि दुसऱ्या देवधर बाई.

"निर्लज्ज बाई म्हणजे मीच तर," त्या म्हणाल्या.

"बाई, ते तुम्हीच म्हणालात हो, मी नाही..."

"गप्प बसा. इकडे या."

त्यांनी मला आत नेलं, बाथरूमचं दार उघडलं. मागून अख्खा हॉल आला. आणि आत काय असावं? पुस्तकं! जमिनीपासून छतापर्यंत. कमोडच्या झाकणावर शब्दकोशांचे खंड, बेसिनमध्ये दिवाळी अंक. नळ काढून तिथे लाकडी बूच ठोकलेलं.

"घरात जागा उरली नाही म्हणून हे दुसरं बाथरूम मी कधीचं बंद करून टाकलंय," बाई म्हणाल्या. "लाइनच कापलीये. इथे थेंबभर पाणी असतं ना परब, तर तुमच्या आधी मी ओरडले असते! मग तुमच्याकडे गळतं काय? चला."

वरात खाली. माझ्या छोट्याशा घरात सगळी साहित्यसभा! मेधा बाथरूमच्या छताकडे बोट दाखवत होती. बाईंनी वर पाहिलं, बाहेर येऊन पॅसेजमध्ये पाहिलं, आणि विचारलं, "त्या छताच्या वर काय आहे?"

"वर तुम्ही, बाई."

"मी फार वर. मधे काय आहे? हे लाकडी दार कसलं?"

"तो आमचा माळा," मी म्हटलं. "गणपतीचं मखर, जुना कूलर, अडगळ..."

बाईंनी पदर खोचला. "स्टूल आणा."

सगळे नको नको म्हणतायत, पण ऐकतं कोण? सेक्रेटरींनी स्टूल धरलं, मेधाने बाईंना धरलं. बाई चढल्या, माळ्याचं दार उघडलं, फोनचा टॉर्च मारला. आतून झुळझुळ असा गोड आवाज येत होता.

पाणीकपातीच्या वर्षी मी हौसेने माळ्यावर एक टाकी बसवून घेतली होती. स्वतः उभं राहून. नंतर तिच्यापुढे मखर ठेवलं, मग कूलर, आणि साफ विसरून गेलो. टाकी भरली की पाणी बंद करणारा आतला चेंडू तुटून पडला होता, आणि टाकी रोज सकाळी पाणी आलं की भरभरून वाहत होती. माझीच टाकी, माझ्याच माळ्यात, माझ्याच डोक्यावर.

 मेधा माझ्याकडे बघत होती. ते बघणं मी इथे लिहू शकत नाही.

बाई हळूच स्टुलावरून उतरल्या. हात झटकले. चष्मा सारखा केला. आणि वर्गात पेपर परत देताना बोलत असतील तशा आवाजात म्हणाल्या,

"परब, ही कादंबरी नाही हो. हे तुमचं आत्मचरित्र आहे."